चक्रव्यूहात कोणाला पाठवायचं?

युद्धाच्या तेराव्या दिवशी युधिष्ठिराने अभिमन्यूला चक्रव्यूहात पाठवायला हवं होतं का? गोव्यातल्या पेडणे तालुक्यात हा प्रश्न परिसंवादाची वाट बघत बसत नाही. हरमल, मांद्रे, पार्से, कोरगाव, धारगळ अशा कुठल्याही गावात जत्रेला दशावतारी मंडळ आलं आणि त्याने युद्धाचं आख्यान लावलं, की दुसऱ्या दिवशी भाजी-पावाच्या हॉटेलात पक्ष पडतात. धर्मराजाचा नाइलाज होता म्हणणारे एका बाकावर, सोळा वर्षांच्या पोराला मरणाच्या दारात ढकललं म्हणणारे दुसऱ्या बाकावर. शिवाय रात्रीच्या 'धर्मराजा'ने आपली बाजू नीट मांडली की नाही, यावर तिसरा वाद असतोच.

असेच वाद २०१९ साली जगभर पेटले होते. 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेच्या शेवटच्या पर्वात 'द लाँग नाइट' नावाचा भाग आला. मेलेल्यांची फौज उत्तरेतल्या किल्ल्यावर चालून येते आणि बचाव करणारे आपलं सगळं घोडदळ अंधारात, समोर किती शत्रू आहे याचा अंदाज न घेता सोडून देतात. काही क्षणांत ते घोडदळ संपतं. दगड फेकणारी यंत्रंही तटाच्या आत ठेवायची सोडून पायदळाच्या पुढे उभी केलेली. युद्धशास्त्राच्या जाणकारांपासून कॉलेजातल्या मुलांपर्यंत सगळ्यांनी या व्यूहरचनेची चिरफाड केली. पुढे 'द बेल्स' या भागात राजधानी शरण आल्याची घंटा वाजते आणि तरीही राणी डेनेरिस ड्रॅगनवर बसून अख्खं शहर जाळते. त्यावर तर इतका संताप उसळला, की ते पर्व नव्याने लिहून घ्या अशा मागणीच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या.

काल्पनिक राणीच्या निर्णयावर एवढी माणसं भांडतात, याला वेळेचा अपव्यय म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं म्हणणं मान्य करण्याजोगं नाही. खऱ्या युद्धातले निर्णय बंद दाराआड होतात. कागद पन्नास-पन्नास वर्षांनी उघडतात, आणि तोवर जाब द्यायला कोणी उरलेलं नसतं. सामान्य माणसाला सेनापतीचा निर्णय तपासून बघायची संधी मिळते ती बहुतेक वेळा गोष्टीतच. म्हणून हे वाद व्हायलाच हवेत. ते कसे व्हावेत, हा मात्र खरा प्रश्न आहे, आणि तिथे पेडण्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे गेले. त्याआधी ते सावंतवाडीकर भोसल्यांच्या मुलखात होते. सत्ता बदलली तरी तेरेखोल नदीच्या दोन्ही काठांवरची बोली, सोयरिकी, दैवतं आणि नाटक एकच राहिलं. वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळकडची मंडळं कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की नदी ओलांडून इकडे येतात. रंगभूषा स्वतःची स्वतः, स्त्रीपार्टही पुरुषांनीच करायचे, साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज. मध्ये एक लाकडी बाकडं. त्यावर राजा बसला की सिंहासन, बाकी कोणी बसलं तर जे लागेल ते. आधी गणपती, सरस्वती, संकासुर असा आडदशावतार होतो, मग आख्यान लागतं, आणि पहाटे दहीकाला.

या नाटकाला लिखित संहिता नसते. कथानक रंगपटात ठरतं, कोण कोणत्या प्रवेशात येणार तेवढं बोलून घेतात, आणि संवाद मांडावर उभं राहून रचायचे. त्यामुळे राजपार्ट करणाऱ्याकडे नुसता भारदस्त आवाज असून भागत नाही. समोरच्या नटाने दुर्योधनाला विचारलं, 'पांडवांना मारणार नाही असं ज्याने आधीच सांगितलं, त्या भीष्मालाच तू सेनापती का केलंस?', तर त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. उत्तर पोरकट निघालं तर राजाचा राजेपणा गेला. ते सयुक्तिक निघालं, म्हणजे भीष्माच्या नावावरच अर्धे राजे माझ्या छावणीत आले, त्यांना मी कोणत्या तोंडाने थांबवलं असतं, असं काही, तर दुर्योधनाचा द्वेष करणारा प्रेक्षकही क्षणभर गप्प होतो. नेरूरच्या कलेश्वर मंडळाचे सुधीर कलिंगण २०२२ साली गेले. त्यांना 'लोकराजा' म्हणत. तो मान तलवार फिरवण्याचा नव्हता, बाकड्यावर बसून आपला निर्णय पटवून देण्याचा होता.

दूरचित्रवाणीच्या पात्राला असा प्रश्न विचारता येत नाही. डेनेरिसने शहर का जाळलं, याचं उत्तर चाहत्यांना एकमेकांत शोधावं लागलं, कारण लेखकांनी तिला उत्तर द्यायला जागाच ठेवली नाही. सह्या करणाऱ्यांचा राग बराचसा याच गोष्टीचा होता. त्यांना तिचं कृत्य भयंकर वाटलं हे खरंच, पण त्याहून जास्त सललं ते हे, की सात पर्वं जिच्या मागे ते चालले तिने निर्णयाचं कारणही सांगितलं नाही.

आता धर्मराजाकडे परत येऊ. त्याच्यावरचा नेहमीचा आरोप असा, की अभिमन्यूमागून जाणाऱ्या पांडवांची वाट जयद्रथ अडवणार हे त्याला कळायला हवं होतं. हा आरोप टिकत नाही. जयद्रथाला मिळालेल्या वराचा प्रताप त्या दिवशी पांडवांच्या बाजूला कोणालाच ठाऊक नव्हता. प्रेक्षकाला तो ठाऊक असतो, कारण प्रेक्षकाने गोष्ट आधी ऐकलेली असते. युद्धातल्या निर्णयांवर भांडताना सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. शेवट माहीत असलेला माणूस, शेवट माहीत नसलेल्या माणसाचा न्याय करतो. 'लाँग नाइट'वर बोट ठेवणाऱ्यांनीही पुष्कळदा हेच केलं, घोडदळ संपल्याचं बघून झाल्यावर घोडदळ संपणार हे उघड होतं असं म्हटलं.

मग युधिष्ठिर सुटला का? नाही. द्रोणपर्वात अभिमन्यू त्याला स्वच्छ सांगतो, की वडिलांनी मला व्यूह फोडून आत जायला शिकवलं आहे, पण संकट आलं तर बाहेर पडणं मला जमणार नाही. (आईच्या पोटात असताना अर्धीच विद्या ऐकली ही गोष्ट लोकांत जास्त चालते. ग्रंथातला अभिमन्यू मात्र आपली मर्यादा ओळखून असलेला तरुण योद्धा आहे.) अर्जुन संशप्तकांशी लढायला दूर गेलेला, द्रोण युधिष्ठिराला जिवंत पकडायला टपलेले, सैन्य मागे हटत चाललेलं. या कोंडीत युधिष्ठिर म्हणतो, तू दार उघड, आम्ही तुझ्या पाठोपाठ येतो. आपल्याला पाठोपाठ जाता आलंच नाही तर काय, या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. मुलाने स्वतःच्या तोंडाने धोका सांगितला होता, आणि ज्या सोबतीच्या भरवशावर तो आत गेला, ती सोबत मिळण्याची हमी नव्हती. दोष ठेवायचा तर इथे. जयद्रथाचा वर ठाऊक नसणं हा गुन्हा नव्हे. पण जे ठाऊक होतं त्याची किंमत दुसऱ्याच्या जिवावर लावली, याचा जाब त्याला द्यावा लागेल. अभिमन्यू पडल्यावर तो स्वतःलाच दूषणं देत विलाप करतो. म्हणजे आपण कुठे चुकलो हे त्याने ओळखलं होतं.

किंमत कोणाच्या जिवावर लावली, हा प्रश्न चौदाव्या रात्री आणखी तीव्र होतो. जयद्रथ मारला गेल्यावरही त्या दिवशी लढाई थांबली नाही. पलिते पेटवून रात्री लढाई सुरू राहिली आणि कृष्णाने घटोत्कचाला कर्णावर सोडलं. राक्षस रात्री बलवान होतात, हा हिशेब एक. कर्णाकडे इंद्राने दिलेली, एकदाच वापरता येणारी शक्ती आहे आणि ती अर्जुनासाठी राखून ठेवलेली आहे, हा हिशेब दुसरा. कर्णाने ती घटोत्कचावर टाकली. भीमाचा मुलगा पडला, पांडव रडू लागले आणि कृष्ण आनंदाने नाचला. अर्जुनाने कारण विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं, की आता कर्ण मेल्यातच जमा आहे. वर असंही सांगितलं, की कर्णाने याला मारलं नसतं तर पुढे मलाच मारावं लागलं असतं.

युद्धनीती म्हणून हा हिशेब बिनचूक आहे. पण कोण खर्ची पडलं ते बघावं. हिडिंबेचा मुलगा, रानात वाढलेला, राजवाड्यात ज्याला कधी जागा नव्हती, युद्धाला मात्र ज्याची आठवण झाली. 'लाँग नाइट'मध्ये अंधारात पहिल्यांदा सोडलेले घोडेस्वार कोण होते? समुद्रापलीकडून आणलेले दोथराकी. ज्या उत्तरेसाठी ते मेले, तिथे त्यांचं घर नव्हतं, शेत नव्हतं, भाषाही नव्हती. हजारो वर्षांच्या आणि हजारो मैलांच्या अंतरावरच्या दोन रात्रींच्या लढाया, आणि दोन्हींत परक्याचा बळी आधी. व्यूहरचनेवर तावातावाने बोललेल्यांपैकी किती जणांनी हे विचारलं? यंत्रं तटाच्या आत हवी होती की बाहेर, हा प्रश्न सोपा आहे. पहिल्या रांगेत उभं राहायला कोणाला सांगितलं आणि त्याने नाही म्हटलं असतं तर कोणी ऐकून घेतलं असतं का, हा अवघड. युद्धावरच्या वादाचा कस या दुसऱ्या प्रश्नाला लागतो.

देवाच्या निर्णयावर शंका घ्यायची का, असं विचारणारे असतात. व्यासांनी ती शंका ग्रंथातच घेऊन ठेवली आहे. स्त्रीपर्वात गांधारी कृष्णाला तोंडावर सांगते, तुला हे थांबवता आलं असतं आणि तू थांबवलं नाहीस, आणि त्याला शाप देते. कृष्ण तो नाकारत नाही. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा झोपलेल्या शत्रूंना मारायला निघतो, त्याआधी कृपाचार्य त्याच्याशी वाद घालतात. आज झोप, उद्या समोरासमोर लढू, मोठ्यांचा सल्ला घेऊ. अश्वत्थामा उत्तर देतो, की धर्माचा बांध पांडवांनीच आधी फोडला आहे. जगातल्या किती युद्धकथांत कत्तलीआधी असा वाद ऐकायला मिळतो? आणि त्याच चौदाव्या रात्री, घटोत्कच पडल्यावर, अर्जुन दोन्ही सैन्यांना सांगतो की थकला आहात, चंद्र उगवेपर्यंत इथेच झोपा. दोन्हीकडचे सैनिक त्याला दुवा देतात आणि घोड्या-हत्तींवर, रथांत, जमिनीवर पडून झोपतात. बिनचूक हिशेबाच्या कृष्णाशेजारीच सैनिकाचे डोळे मिटताना पाहणारा अर्जुन उभा केला आहे. ही निवड करायची मोकळीक ग्रंथच वाचकाला देतो.

मराठीने ती मोकळीक पुरेपूर घेतली आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आलं. भीमाने कीचकाला आत्ताच मारावं, की अज्ञातवास संपेपर्यंत धर्माने सांगितलं तसं सोसावं, हा त्यातला झगडा. प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसला, धर्माच्या जागी मवाळ आणि भीमाच्या जागी जहाल. सरकारलाही तेच दिसलं आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. विराटाच्या राजवाड्यातल्या एका निर्णयावरचा वाद साम्राज्याला झोंबला. पुढे १९६७ या एकाच वर्षी इरावती कर्वे यांचं 'युगान्त' आणि शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' ही दोन पुस्तकं आली. सावंतांनी कर्णाला नायक केलं. इरावतीबाईंनी त्याच्यावर हुकमी टाळ्या मिळवून देणारी माया पांघरली नाही, त्याची हार आणि त्याचा पळही मोजला. 'मृत्युंजय' वाचून रडलेल्या माणसाने 'युगान्त' हातात घेतलं की त्याला राग येतो. तो राग येऊ द्यावा आणि पुस्तक मिटू नये. कर्णाने भीष्मावरच्या रुसव्यापायी दहा दिवस शस्त्र खाली ठेवलं. ते दहा दिवस त्याच्या भरवशावर युद्धात उतरलेल्या मित्राला आणि त्या मित्राच्या सैनिकांना किती महाग पडले, हा प्रश्न कर्णावर प्रेम असणाऱ्यानेच विचारायला हवा.

२ ऑक्टोबर १९८८ ला बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' दूरदर्शनवर सुरू झालं आणि २४ जून १९९० पर्यंत रविवारच्या सकाळी ते देशभर बघितलं गेलं. राही मासूम रझांचे संवाद, नितीश भारद्वाजांचा कृष्ण. त्या मालिकेने अनेकांना महाभारत पहिल्यांदा घरात आणून दिलं, हे तिचं मोठं ऋण आहे. पण त्यात 'समय' नावाचा निवेदक होता. तो प्रसंगाआधी आणि नंतर येऊन काय समजायचं ते सांगून जाई. दशावतारात असा निवेदक नाही. न्याय प्रेक्षकाने करायचा, आणि तोही दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या राहून बोलल्यावर. मालिकेने चेहरे कायमचे ठरवून टाकले आणि पार्श्वसंगीताने निकाल. पेडण्याच्या बाकड्यावर अजून निकाल ठरलेला नसतो.

गोव्याला युद्धातल्या निर्णयाचा अनुभव गोष्टीतलाच आहे असंही नाही. १४ डिसेंबर १९६१ ला लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना संदेश पाठवला. त्याचा आशय असा, की तह नाही, युद्धकैदी नाहीत, आपले सैनिक आणि खलाशी एकतर जिंकलेले असतील किंवा मेलेले. हाताशी तीन-साडेतीन हजार सैनिक, लढाऊ विमानं नाहीत, समोर भारताचं भूदल, नौदल आणि विमानदल. १८ डिसेंबरच्या पहाटे पोर्तुगीजांनी डिचोली आणि अस्नोडा इथले पूल आणि कोलवाळला शापोरा नदीवरचा पूल उडवून दिले. त्याने भारतीय सैन्य अडलं नाही. दोडामार्गाकडून निघालेली तुकडी त्याच संध्याकाळी मांडवीकाठी बेतीला पोचली. पुलांचा उपयोग ज्यांना रोज होता, त्या दोन काठांवरच्या गावांचा रस्ता मात्र तुटला. नकाशावरच्या योजनेचा भार कोणावर पडतो, हे डिचोलीकरांना तेव्हा दिसलं.

१९ डिसेंबरला वासालो इ सिल्वा शरण आले. मेलेल्या सैनिकांचा ढीग सालाझारला हवा होता, तो त्यांनी दिला नाही. पणजी शाबूत राहिली. पोर्तुगालमध्ये त्यांच्यावर भ्याडपणाचा शिक्का बसला, १९६३ मध्ये त्यांना सैन्यातून काढून टाकलं आणि १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांचा मान परत मिळाला. मुक्तीचा आनंद आणि या माणसाच्या निर्णयाचा आदर, दोन्ही एका मनात मावू शकतात. वसाहतीच्या सत्तेचा प्रतिनिधी म्हणून तो चुकीच्या बाजूला उभा होता. त्या चुकीच्या बाजूला उभं राहून त्याने एक योग्य निर्णय घेतला, आणि तो घेताना समोर काय आहे हे डोळे उघडे ठेवून पाहिलं. सालाझारने ते पाहिलं नाही, कारण किंमत त्याच्या अंगणात पडणार नव्हती. ज्याने बाकड्यावरच्या दुर्योधनाला मनापासून ऐकून घेतलं आहे, त्याला असा न्याय करणं जमतं. ज्याला पक्ष निवडून टाळ्या पिटण्याचीच सवय आहे, त्याला वासालो इ सिल्वा एकतर खलनायक वाटेल किंवा भित्रा.

म्हणून दशावतारातल्या वादाच्या जागा आक्रसत चालल्या आहेत, ही चिंतेची गोष्ट आहे. रात्रभर चालणारं आख्यान पुष्कळ ठिकाणी तीन तासांत बसवतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा. सण-उत्सवांसाठी वर्षात फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. नियम आवश्यक आहे, झोपमोड सोसणाऱ्यांचा त्रास खरा आहे. पण नाटक आटोपतं घेताना पहिली कात्री लागते ती बाकड्यावरच्या सवालजबाबाला. युद्धाचा नाच, धूर, दिवे, 'ट्रिकसीन' राहतात. मोबाइलवर फिरणारे तुकडेही त्यांचेच. मंडळांना दोष देता येत नाही, बोलावणं पाहिजे आणि पोटही आहे. आयोजक समित्यांच्या हातात मात्र बरंच काही आहे. ध्वनिक्षेपकाशिवाय, देवळाच्या सभामंडपात, तीन-चारशे माणसांपुढे पहाटेपर्यंत चालणारा दशावतार हा जुनाच प्रकार आहे, आणि बोलण्यावर उभ्या असलेल्या नाटकाला तो जास्त मानवतो.

दुसरं काम नोंदीचं. संहिता नसल्यामुळे एखाद्या रात्री सुचलेलं उत्तर त्या रात्रीबरोबरच जातं. भीष्माने द्रौपदीला काय सांगितलं, शल्याने कर्णाचं सारथ्य का पत्करलं, धर्माने सुभद्रेसमोर कसं तोंड दाखवलं, यावर जुन्या राजपार्ट्यांनी काय काय उत्तरं दिली असतील, त्यातलं फार थोडं आता कोणाला सांगता येईल. कला अकादमीने, सरकारच्या कला आणि संस्कृती संचालनालयाने, तालुक्यातल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी या सवालजबाबांचं ध्वनिमुद्रण करावं, आणि ते निवडक आकर्षक प्रवेशांचं नको, पूर्ण आख्यानांचं हवं. सोबत प्रेक्षकांचं म्हणणंही टिपावं. पेडण्यात एकच अभिमन्यूचं आख्यान पाच मंडळांनी पाच प्रकारे केलं असेल, तर पाच युधिष्ठिरांनी अभिमन्यूला पाठवण्याची पाच कारणं दिली असतील. ती शेजारी शेजारी ठेवून वाचता आली, तर हॉटेलातल्या बाकावरच्या वादालाही नवा दारूगोळा मिळेल.